तीन नंबरचा पंखा आणि अकरा धक्के

मी फक्त एक टेबल फॅन आणला होता. लातूरच्या क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवायला लागले, आणि पहिल्या पगारातून आईच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर पंखा लावला. एवढ्या एका पुण्यकर्मामुळे आमची गल्ली महिनाभरात अकरा वेळा रस्त्यावर आली.

किल्लारीच्या भूकंपाला पाच वर्षं झाली होती, तरी आमच्या बाबांचा भूकंप चालूच होता. (रिटायर्ड माणसाला काहीतरी काम लागतंच.) त्यांनी त्याच मांडणीवर सहा स्टीलच्या पेल्यांचा मनोरा रचला होता, खाली परात. जमीन हलली की पेले परातीत आणि आपण अंगणात. खणखणाट झाला की बाबा ओरडायचे, "भाईर! भाईर चला!" मग शेजारच्या मलिका खाला, समोरच्या महादेवी काकू, अख्खी गल्ली पळत रस्त्यावरच्या कडुलिंबाखाली जमायची. कुणी काही विचारत नसे. किल्लारी सगळ्यांच्या पायांत जाऊन बसली होती.

बाबा प्रत्येक धक्का वहीत तारीख-वेळेसकट लिहायचे. अकराव्यानंतर त्यांनी जाहीर केलं, "हे घर धोक्याचं हाय. रविवारी आपल्या मोकळ्या प्लॉटवर ऱ्हायला जायचं. पत्र्याचं शेड टाकलंय."

"एप्रिलमध्ये? पत्र्याखाली?"

"पत्रा पडला तर माणूस मरत न्हाई."

"भाजून मरतं ना!"

आई नुसती पदरानं गळा पुसत राहिली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (हाच धडा शिकवते, तरी महिना लागला.) मी तिला मोरीजवळ गाठलं.

"आई, पाळी शेवटची कधी आली?"

"हळू बोल, भवाने! धम्मचक्र दिनाला आली, मग एकदम जानेवारीत. पुढं पत्ता न्हाई."

"आणि अंगातून वाफा?"

"कुकरसारख्या. मग पंखा तीनवर करते."

"आणि पेले?"

"मांडणी थरथरते अन् पडतात. मी पंखा बंद करून भाईर येते. भाईर वारं तरी असतं."

"अगं, मग बाबांना सांग ना!"

"ह्ये? तीस वर्षांत त्यांच्याम्होरं असलं काई काढलं न्हाई मी. त्यापेक्षा पत्र्याखाली जाईन."

ही आमची मोठी माणसं! शिजून मरतील, पण शब्द उच्चारणार नाहीत. शनिवारी मी बाबांच्या भूकंपाच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि त्यांच्यासमोर आलेख काढला.

"ही इस्ट्रोजेनची रेघ. आधी दर महिन्याला वर-खाली, अगदी वेळापत्रकानं. पाळी जायच्या आधीची काही वर्षं मात्र आपल्या लाइटीच्या व्होल्टेजसारखी. कधी भपकन वर, कधी गुल. त्यानं शरीराचं तापमान सांभाळणारं मेंदूतलं ठाणं गोंधळतं, म्हणून वाफा, म्हणून पंखा तीनवर, म्हणून पेले परातीत. पाळी कायमची गेली की रेघ खाली येते आणि खालीच राहते."

बाबांचे कान लाल झाले होते, पण बोट कागदावर आलं. "अन् ही वर चाललेली?"

"एफएसएच. मेंदूचा हुकूम. अंडाशयाला म्हणतो, काम कर. तिकडून जबाब नाही, म्हणून हा आणखी मोठ्यानं ओरडतो. तुम्ही बैठकीतून 'चहा आण' म्हणून ओरडता आणि आई घरातच नसते, तसं."

बाबांनी पान उलटून अकरा धक्क्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी घर हललं न्हाई?"

"घर नाही. आई."

ते उठले, पेले उतरवले, पंख्याचं तोंड पाटाकडे वळवलं. आईला म्हणाले, "सरजा, बस हितं. चहा म्या करतो." (साखर कुठं असते, हे तीनदा विचारलं.) शेड रद्द झालं. मी सत्काराची वाट बघत बसले.

सोमवारी मलिका खाला आणि महादेवी काकू आल्या. चेहरे सत्काराचे नव्हते.

"बेटी, पेले तू काढायला लावले?"

"हो खाला! आता भूकंप बंद."

"अगे पगली, भूकंप कुणाला पायजे होता? हवा पायजे होती! भर दुपारी बाईनं रस्त्यावर उभं राहून पदरानं वारा घ्यायचा, तर नवरा विचारतो, सासू विचारते. भूकंपात कोण विचारतं?"

"पंधरा मिन्टं लिंबाखाली," महादेवी काकू म्हणाल्या. "माझ्या वाफा तर तुझ्या आईच्या आधीच्या हायत. तिसऱ्या धक्क्यालाच कळलं होतं आमाला."

म्हणजे अकरा वेळा लिंबाखाली बायांची रांग पदर हलवत उभी होती, आणि दोनशे पोरींना रजोनिवृत्ती शिकवणाऱ्या मला ती दिसली नव्हती!

मंगळवारी मनोरा पुन्हा उभा राहिला. आईनं स्वतः रचला, बाबांनी स्टूल धरलं.

बुधवारी दुपारी मी टेस्टचे पेपर तपासत होते. पेले पडले. मला सगळं माहीत होतं: इस्ट्रोजेन, एफएसएच, पंखा, तीन नंबर. भानावर आले तेव्हा मी अनवाणी, पेपर छातीशी धरून, भर रस्त्यात ओरडत होते, "भाईर! भाईर चला!"

मागून बाया हळूहळू, हातपंखे घेऊन, गप्पा मारत लिंबाखाली आल्या. सगळ्यांत शेवटी बाबा आले, ओट्यावर बसले आणि वही उघडून मोठ्यानं म्हणत लिहायला लागले:

"धक्का बारावा. पळणारे: एक. बुद्धप्रिया, बी.एस्सी."