शंकरपाळ्यांचा हक्क

टक्! पहाटेच्या शांततेत डब्याचं झाकण लागलं आणि मैथिली दचकली. आत लेक अन्वी झोपलेली, आणि इथे सासूबाई कुसुमताई मैथिलीच्या ऑफिससाठी शंकरपाळे भरत होत्या.

“नको आई. यंदा मी नेणार नाही.”

“अगं, दिवाळी आहे! आणि पगारवाढीचं काय झालं?”

“ब्रेनरसाहेब म्हणाले, दरवर्षी पगार वाढवलाच पाहिजे असा कायदा नाही. वर कॉफी पाजली.”

कुसुमताई जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या. “ऐकावं ते नवलच! जुलै लागला की आमचा पगार आपोआप वाढायचा, नखं वाढावीत तसा. मागायचं कसलं त्यात?”

डबा घरीच राहिला.

जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरातल्या त्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत दहाच्या कॉफीला मंडळी बशा घेऊन उभी राहिली. शंकरपाळे नाहीत! कुजबुज सुरू झाली. मैथिली आजारी आहे. नाही, नोकरी सोडतेय! शेवटी कर्मचाऱ्यांची बाजू मांडणाऱ्या फ्राऊ फोगल तिच्या टेबलाशी आल्या.

“सलग तीन दिवाळ्या तुम्ही आणलेत. ‘यंदापुरतेच’ असं एकदाही म्हणाला नाहीत. आमच्याकडे बोनस असा ओळीने तीनदा दिला ना, की तो हक्क होऊन बसतो. आल्झो, तर मग...”

मैथिली थक्क झाली. काय देश आहे! इथे सवयीचीसुद्धा वकिली होते.

तेवढ्यात खुद्द ब्रेनरसाहेब बशी घेऊन हजर. “यंदा शंकरपाळे नाहीत?”

“दरवर्षी आणलेच पाहिजेत असा कायदा नाही,” ती बोलून गेली, आणि मग तिला आठवलं: घराचं भाडं, इथे राहण्याचा परवाना, सगळं या एका नोकरीवर!

साहेब कानापर्यंत लाल झाले. “गेनाऊ, अगदी बरोबर,” एवढंच म्हणाले आणि रिकामी बशी घेऊन गेले.

संध्याकाळी त्यांनी तिला पगारवाढीचं पत्र दिलं. खाली फक्त एक ओळ जोडली: ‘स्वखुशीने, या वेळेपुरती.’

“मेला हुशार आहे!” घरी ते वाचून कुसुमताईंनी कौतुकाने कपाळाला हात लावला. मैथिलीने उद्याच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली: ‘स्वखुशीने, या वेळेपुरते.’

“म्हणजे काय, आजी?” अन्वीने गाल भरून विचारलं.

“म्हणजे पुन्हापुन्हा दिलं, तरी तो त्यांचा हक्क होत नाही.”

अन्वी विचारात पडली. “पण आई मला रोज गोष्ट सांगते. चिठ्ठी न लावता. मग तो माझा हक्क ना?”

“झालाच की गं!”

“हो ना,” अन्वी समाधानाने म्हणाली, आणि मैथिलीकडे वळली. “मग आई, तुझा हक्क कोणता?”

मैथिलीने हातातलं झाकण बाजूला ठेवलं, आणि डब्यातला पहिला शंकरपाळा स्वतःच्या तोंडात टाकला.