सुमनआक्का आणि फुकटचा गेम

कुणी पेन ड्राइव्ह घेऊन आलं की सुमनआक्का त्याला उंबऱ्याबाहेर थांबवते आणि सोयरिकीला आल्यासारखी चौकशी करते. "कुणाचा ह्यो? कुठनं आला? वाटेत कुणाकुणाच्या घरी जेवून आलाय?" उत्तर पटलं नाही तर पेन ड्राइव्ह बाहेर खिडकीत ठेवायचा आणि माणसानं आत येऊन चहा प्यायचा.

आक्का निपाणीत आमच्या शेजारी राहते. उमेदीची सगळी वर्षं तंबाखूच्या वखारीत पानं निवडण्यात गेली. भाचा बेंगळुरूला नोकरीला जाताना त्याचा कॉम्प्युटर तिच्याकडे ठेवून गेला. गेम खेळायला शिकवलं, आणि फुकटच्या गेमपायी त्याचे सगळे फोटो कसे गेले तेही सांगितलं. तेव्हापासून आक्काला फुकट या शब्दाचाच संशय. बाजारात भाजीवाल्यानं वर कोथिंबिरीची काडी घातली तरी विचारते, "का रं, ही का देतोस?"

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी कुणी न विचारताही सांगतो. विहारातल्या अभ्यासिकेत बसून शिकलो, आता नोकरी करून तीच अभ्यासिका सांभाळतो. तिथं एकच कॉम्प्युटर. पोरांच्या नोट्स, सराव पेपर, अर्जाला लागणारे सगळे कागद त्यात. दुसरी प्रत कुठं नाही, आणि अर्जांची मुदत तोंडावर आलेली.

नेमकं तेव्हाच जयंतीला फुटबॉल गेमच्या स्पर्धा घ्यायचं ठरलं. इंजिनिअरिंगला असलेला दीपक चिकोडीच्या मित्राकडून चोरटी कॉपी घेऊन आला. सोबत सूचना होती : आधी अँटिव्हायरस बंद करा. मी नको म्हणालो.

"दादा, तुमी लई भिताय," दीपक म्हणाला. सगळे हसले.

गलका ऐकून आक्का दारात आली. "काय म्हणतोय रं त्यो गेम?"

"अँटिव्हायरस बंद करा म्हणतोय. सगळेच म्हणत्यात, आक्का," दीपक म्हणाला.

"म्हंजे कुत्रं बांधा म्हणतोय."

"व्हय, तसंच."

"कुत्रं बांधा म्हणणारा पावणा असतोय. ह्यो कुत्रं मारून टाका म्हणतोय, आणि वर दार उघडं ठेवा म्हणतोय. आदी माझ्या घरात मुक्काम करू दे. नीट वागला तर आण हितं."

"तुझा कॉम्प्युटर बिघडला तर?" मी विचारलं.

"माझ्यात काय हाय? एक ट्रॅक्टरचा गेम."

वरात आक्काच्या घरी गेली. नेटची वायर तिनं स्वतःच्या हातानं उपसली. गेम सुरू झाला. मैदान काय, खेळाडू काय, झकास! दीपकनं कॉलर वर केली. "बगा, दादा."

चहा होईपर्यंत पडदा काळा पडला. फायलींची नावं बदलून भलतीच अक्षरं आली आणि इंग्रजीत फर्मान झळकलं. मी मोठ्यानं मराठीत सांगितलं : तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप लावलंय, किल्ली पाहिजे असेल तर पैसे टाका.

दीपकनं कॉलर खाली केली. आक्का पडद्याकडं बघत म्हणाली, "आलास व्हय रूपावर?"

मग जी शिट्टी वाजली! पोरांनी आक्काला खुर्चीसकट उचलून निवडून आलेल्या मेंबरासारखी गल्लीभर फिरवली. ती वरनं ओरडत होती, "पाडशीला रं मला!" अभ्यासिका वाचली, सगळ्यांचे अर्ज वेळेत गेले. स्पर्धा कॅरमची झाली. पंच आक्का. तिनं आधी स्ट्रायकर हातात घेऊन उलटापालटा करून बघितला, मगच खेळ सुरू करू दिला.

दीपकनं तिचा कॉम्प्युटर पुसून नवा करून दिला. भाच्यानं ट्रॅक्टरचा गेम विकत घेतलेला होता, तो पुन्हा उतरवता आला. उघडला, तर नुसती मोकळी जमीन.

"आक्का, जुनं सगळं गेलं गं. काय काय हुतं?" दीपकनं विचारलं.

"काय न्हाय रं. ऊस हुता. हीर हुती. बांधाला चार आंबं लावलं हुतं."

आमच्या गल्लीत कुणाच्याच नावावर गुंठाभर जमीन नाही.

गेमनं मालकाचं नाव विचारलं. दीपकनं 'सुमन' लिहिलं.

"खोड ते. गंगू लिही. माझ्या आयचं नाव. जल्मभर दुसऱ्याच्या रानात भांगलत ऱ्हायली. जुन्यातबी तिचंच हुतं."

दीपकनं खाली मान घालून लिहिलं. पडद्यावर गंगूच्या नावाची पाटी उभी राहिली.

आक्कानं खुर्ची पुढं ओढली. "सरक रं बाजूला. नांगरट ऱ्हायलीया."