धडधड, नग एक

निंबसावळी नगरपरिषदेत माणूस निवृत्त झाला की फायली, कपाटाच्या किल्ल्या आणि नोकरीत लागलेली दुखणी असं सगळं मोजून पुढच्या माणसाच्या ताब्यात द्यावं लागतं. दुखणं पदाचं असतं, माणसाचं नाही, हे तिथं शिपायापासून मुख्याधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे कुणाची तक्रार नसते.

शशिकांत डांगे पाणीपुरवठ्याच्या तक्रार-टेबलावर बावीस वर्षं बसले. त्यांनी चार्ज घेतला तेव्हा वहीत दोनच नोंदी होत्या: पित्त आणि मान अवघडणं. झोपमोड त्यांच्या काळातली, गावाला आठ दिवसांआड पाणी सुटायला लागलं त्या सालची. छातीतली धडधड त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. टेबलावरचा फोन वाजला की ती सुरू व्हायची. पुढे पुढे तर घरी कुकरच्या शिट्टीलाही व्हायला लागली. डांग्यांनी रीतसर अर्ज करून ती वहीत चढवून घेतली. टेबलावरचं काम थोडं कमी करावं, असंही एक वाक्य त्या अर्जात होतं. साहेबांनी धडधड मंजूर केली आणि वाक्य खोडलं.

शेवटच्या दिवशी डबा हातात देताना त्यांच्या बायकोनं, कुमुदताईंनी, एवढंच सांगितलं, "शाल-नारळ नाही मिळाला तरी चालेल. ती धडधड तेवढी तिथं ठेवून या."

कितीतरी वर्षं त्या नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून झोपत होत्या. निवृत्ती त्यांनाही हवी होती.

"ठेवतो की," डांगे म्हणाले. "ऑफिसची वस्तू घरी कशाला आणू?"

चार्ज घ्यायला उज्ज्वला सोनटक्के आली. ती आतापर्यंत जन्म-मृत्यू नोंदणीत होती. त्या टेबलाला जुन्या वह्यांच्या धुळीची शिंक सोडली तर काही नाही, आणि ती शिंक तिनं सकाळीच पुढच्या बाईंना देऊन टाकली होती. उज्ज्वलाचं हसू जिन्यापर्यंत ऐकू यायचं. मृत्यूचा दाखला न्यायला आलेली माणसंसुद्धा तिच्या टेबलावरून उठताना जरा सैलावलेली असायची.

कार्यालय अधीक्षक फडतरे वही उघडून दोघांच्या मध्ये बसले. पद्धत सोपी आहे. देणाऱ्यानं 'दिलं' म्हणायचं, घेणाऱ्यानं 'मिळालं' म्हणायचं, की वस्तू जाते.

"पित्त," फडतऱ्यांनी वाचलं.

"दिलं."

"मिळालं," उज्ज्वला म्हणाली आणि तिला करपट ढेकर आला. "अगंबाई! काका, हे तुम्हाला रोज व्हायचं?"

"रिकाम्या पोटी चहा घेत जाऊ नको," डांगे म्हणाले.

मग मान गेली. डांग्यांनी इकडेतिकडे वळून पाहिलं. डावीकडच्या भिंतीला खिडकी आहे, हे ते विसरूनच गेले होते. मग झोपमोड गेली. उज्ज्वलाच्या डोळ्यांखाली काळं उतरताना त्यांनी समोर बसून पाहिलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. ती अजून हसत होती, पण आता ते टेबलापुरतंच ऐकू येत होतं.

"छातीतली धडधड, नग एक."

डांग्यांनी उज्ज्वलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती सापडत नाही."

फडतऱ्यांनी चष्मा काढला. "सापडत नाही म्हणजे? परवा फोन वाजला तेव्हा मी या डोळ्यांनी बघितली."

"परवा होती. आज सकाळपासून नाही."

"अहो डांगे, मग तुम्हाला कार्यमुक्त कसं करू? सापडेपर्यंत रोज या टेबलावर येऊन शोधावी लागेल. नियम आहे."

"शोधतो," डांगे म्हणाले. शर्टाच्या आत ती जोरजोरात वाजत होती. त्यांनी वरून एक फाईल धरली.

उज्ज्वला त्या फाईलकडे बघत होती. "साहेब, ती मला मिळाली," ती एकदम म्हणाली. "मघाशी मानेबरोबरच आली असणार. चिकटून."

"होतं तसं कधीकधी," फडतरे म्हणाले. "पण खात्री केल्याशिवाय मी खूण करणार नाही."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. उज्ज्वलानं हातातलं पेन खाली पाडलं, छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि तीन मोजून फोन उचलला. "हो ताई, टँकर निघालाय."

फडतऱ्यांनी वहीत खूण केली.

घरी कुमुदताईंनी दारातच हात ठेवून पाहिला. "आणलीत?"

"आणली."

"का? लहान मूल आहे का तिला?"

"नाही. तिला हसायची सवय आहे."

कुमुदताईंच्या रागाचा पारा चढला. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "उजव्या हाताला मुंग्या येतात माझ्या. कूस बदला, आता डावा ठेवते." आणि तो विषय तिथंच संपला.

फेब्रुवारीत जिल्ह्याहून तपासणी पथक आलं. पथक वहीतल्या सगळ्या वस्तू स्वतः हात लावून मोजतं. त्या सकाळी उज्ज्वला डांग्यांच्या दारात उभी राहिली.

"काका, दिवसभरापुरती उसनी द्या. संध्याकाळी आणून देते."

डांग्यांनी दिली. त्या दुपारी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी ते पेपर वाचत बसले होते. कुमुदताई बाहेर येऊन बघून गेल्या आणि त्यांनी मुद्दाम चौथी होऊ दिली. मग पाचवी. डाळीचा पार लगदा झाला. जेवताना दोघंही पोरांसारखी हसली.

"राहू दे की तिच्याकडेच," कुमुदताई म्हणाल्या. म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं आणि त्या ताटं उचलून आत गेल्या.

उज्ज्वला दिल्या शब्दाप्रमाणे सहाला आली. "पथक खूश आहे, काका. 'नग एक, चालू स्थितीत' असा शेरा दिला. घ्या, दिली."

"मिळाली," डांगे म्हणाले.

ती चहालाही थांबली नाही. कुमुदताईंनी सवयीनं हात ठेवला. मग हात उचलून पुन्हा ठेवला.

"अहो, ही अर्धीच आहे."

डांगे चपला न घालताच फाटकापर्यंत गेले. उज्ज्वला गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीपाशी पोचली होती. तिच्या पर्समध्ये फोन वाजला. पर्स हातातून सुटली. तिनं एक हात छातीवर ठेवला, दुसऱ्यानं विजेचा खांब धरला, आणि बराच वेळ ती तशीच उभी राहिली. तिथं फडतरे नव्हते.

मग तिनं वाकून फोन उचलला. "हो दादा, टँकर निघालाय," असं बोलत ती वळणाआड गेली.

कुमुदताई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं होतं.

"रविवारी जेवायला बोलवा तिला," त्या म्हणाल्या. "कुकर लावणार नाही म्हणावं."