सगुणा घोरपडीला अनुभव येतो

एका जंगलात, बाळांनो, सिंहाच्या गुहेत कूलर होता. खोटं वाटत असेल तर ऐकू नका. पण कूलर होता, म्हणजे वीज होती, आणि ती वीज यायची एका गॅस टर्बाइनमधून. दलदलीतला गॅस त्यात जळायचा आणि त्या धगीवर हत्तीएवढं चक्र गरगरा फिरायचं. गॅस जास्त झाला की यंत्र तापून धूर ओकायचं, फार कमी झाला की ज्योत विझायची. या दोन्हींच्या मधे त्याला सुरात ठेवायचं, याला म्हणतात ट्यूनिंग.

हे काम एकटा धनेश पक्षी करायचा. मान तिरकी करून ऐकायचा, एखादी कळ किंचित फिरवायचा आणि उडून जायचा. यंत्र कधी बंद पडलंच नव्हतं. त्यामुळे धनेश नावाचं कुणी आहे, हे सिंहाला ठाऊकही नव्हतं.

सगुणा घोरपडीला हेच काम करायचं होतं. दुसरं कुठलंही नाही, हेच. त्यातलं सगळं शिक्षण तिने घेतलं होतं. मग ती यंत्रावरच्या मोठ्या साहेबांकडे, म्हणजे गवासाहेबांकडे गेली.

“अनुभव आहे?” गवासाहेबांनी विचारलं.

“यंत्राला हात लावू द्या साहेब, येईल.”

“अनुभव नसेल त्याला आम्ही हात लावू देत नाही.”

दुसरं कुणी परत गेलं असतं. पण घोरपडच ती. खिडकीच्या चौकटीला चिकटली ती चिकटलीच. कामावरची माकडं तिच्या शेपटीला टोप्या अडकवू लागली.

उन्हाळा आला. हवा तापली तसा यंत्राचा सूर बिघडला आणि ते गुरगुरू लागलं. धनेश नेमका रजेवर. त्याची बायको ढोलीचं तोंड लिंपून आत अंड्यांवर बसली होती आणि तिला भरवायचं काम त्याच्याकडे होतं. गवासाहेबांना घाम फुटला.

“मी पाठ फिरवतो,” ते सगुणाला म्हणाले. “पुढचं मी काही पाहिलेलं नाही.”

सगुणाने कळ हळूच फिरवली. गुरगुर थांबली. तिला इतका आनंद झाला की नाचावंसं वाटलं. आता हात काढून घ्यायचा की नाही? पण आयुष्यात पहिल्यांदा हात लागला होता हो. तिने कळ आणखी थोडी फिरवली. ज्योत विझली, चक्र थांबलं आणि गुहेतला कूलर बंद पडला.

सिंह घामाघूम होऊन धावत आला. तोवर सगुणाने यंत्र पुन्हा पेटवलं होतं.

“बंद कुणी पाडलं?”

“मी, महाराज.” नोकरी तर गेलीच, आता जीवही जाणार, असं तिला वाटलं.

“आणि चालू?”

“मीच.”

बंद पडलेलं यंत्र चालू करायचा अनुभव आणखी कुणाला आहे, असं सिंहाने गवासाहेबांना विचारलं. गवासाहेबांनी खूप आठवून पाहिलं. कुणालाच नव्हता.

सगुणा तिथल्या तिथे मुख्य ट्यूनर झाली. हिला मीच घडवलं, असं गवासाहेब जंगलभर सांगत सुटले.

पिल्लं उडाल्यावर धनेश परत आला. नव्या नियमाप्रमाणे त्याची मुलाखत सगुणाने घेतली.

“तुमच्या हातून यंत्र किती वेळा बंद पडलं?”

“एकदाही नाही,” धनेश ताठ मानेने म्हणाला.

सगुणाला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. तिने त्याला चहा पाजला आणि थोडा अनुभव घेऊन या, असं सांगून वाटेला लावलं.

तात्पर्य: बाळांनो, नोकरी हवी असेल तर साहेबांचा कूलर एकदा तरी बंद पाडा. चालू कसा करायचा, तेवढं मात्र आधी शिकून घ्या.