वरचा बाण आणि एंटर

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात कामाला सुसूत्रता यावी म्हणून सर्व संगणकांचा आज्ञा-इतिहास एक करण्यात आला. म्हणजे एकाने आपल्या यंत्रावर एखादी आज्ञा टाईप केली, की ती सगळ्यांच्या यंत्रांत हजर. बाकीच्यांनी फक्त वरच्या बाणाची कळ दाबून शेवटची आज्ञा पडद्यावर आणायची, आणि एंटर.

पूर्वी इथे जो तो आपली आज्ञा आपण टाईप करी, चुकत असे आणि साहेबांची बोलणी खात असे. आता चुका गेल्या, बोलणी गेली आणि टायपिंगही गेलं. कळफलकावरची अक्षरं धूळ खात पडली. रंग उडाला तो फक्त वरच्या बाणाचा आणि एंटरचा.

घोडं अडलं ते कार्यालयातल्या थोरल्या बाईंच्या निवृत्तीपाशी. त्यांच्या धाकट्या बहिणीने आपल्या गॅलरीत दुसरी खुर्ची आणून ठेवली होती. उरलेलं आयुष्य तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवायची, असं दोघींचं पक्कं ठरलं होतं. पण इतिहास एक झाल्यापासून कोणी निवृत्तच झालं नव्हतं, त्यामुळे कार्यमुक्तीची आज्ञा इतिहासात नव्हती.

"मग टाईप करा ना, साहेब," बाई म्हणाल्या.

"टाईप?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, कार्यालय कुठे चाललंय आणि तुम्ही कुठे?"

"मी बहिणीकडे चाललेय. कार्यालयाचं तुम्ही बघा."

अखेर शेजारच्या शाखेचा इतिहास जोडून घेण्यात आला. तिथला शिपाई त्याच सकाळी निवृत्त झाला होता. आज्ञा आली: 'या यंत्रावर बसलेल्यास कार्यमुक्त करा.' वाचत बसायची साहेबांना सवय नव्हती. बाण, एंटर. साहेब कार्यमुक्त झाले.

हा काय प्रकार, म्हणून हेडक्लार्कने आपल्या यंत्रावर बाण दाबला आणि हाताला वळण पडल्यामुळे एंटरही. मग रोखपाल. मग नोंदणी कारकून. बाई तेवढ्या राहिल्या, कारण त्या स्वतःच्याच निरोपाचा चहा ओतत होत्या.

साहजिकच बाई प्रभारी साहेब झाल्या. त्यांनीही बाण दाबला. यंत्राने कळवलं, 'प्रभारी अधिकाऱ्यास स्वतःला कार्यमुक्त करता येत नाही. मृत्यू झाल्यास सेवा आपोआप संपेल.'

"ताई, येतेस ना?" बहिणीचा फोन.

"येते गं. मेल्याशिवाय सोडत नाहीत म्हणे. बघते काय जमतंय."

बाईंनी खिडकी उघडली. रांगेतल्या पहिल्या गृहस्थांना वारलेल्या काकांचा मृत्यूचा दाखला हवा होता. बाईंनी तो दिला.

"तुम्हाला काय हवंय?" त्यांनी दुसऱ्याला विचारलं.

"यांना दिलंत तेच."

"नाव?"

त्याने स्वतःचं सांगितलं. बाण, नाव, एंटर. मागचाही तेच म्हणाला, त्याच्या मागचाही. रांग अशी सरसर पुढे सरकली, की लोक एकमेकांना सांगू लागले, बघा, मनात आणलं तर सरकारी काम कसं होतं. रांग संपल्यावर बाईंनी आपलं नाव घातलं. यंत्राने शोक व्यक्त करून त्यांना ताबडतोब सोडलं.

संध्याकाळी बाई गॅलरीत बसल्या होत्या.

"लोकांनी आरडाओरडा नाही केला?" बहिणीने विचारलं.

"छे गं. आभार मानून गेले. कागद उघडून एकानेही बघितला नाही."

तुमचाही घडी करून कपाटात ठेवलेला असेल. सवडीने काढून वाचा. घरच्यांना निदान तारीख तरी सांगून ठेवा.