सुखदेवकाकांचे सात वाढदिवस

आमच्या अल्लीपूरच्या सुखदेवकाकांचा वाढदिवस वर्षातून सात वेळा येतो. चपलेच्या दुकानात जानेवारीत, चष्मेवाल्याकडे मार्चमध्ये, बियाण्याच्या दुकानात मेमध्ये. ज्यानं ज्यानं जन्मतारीख विचारली, त्याला काकांनी वेगळीच लिहून दिलेली.

"माही माहिती म्हणजे माहा माल हाय," काका म्हणतात. "वांगे फुकट देतो का मी कोणाले? मंग तारीख काऊन देऊ?"

काकांची वांग्याची वाडी आहे, आणि मी त्यांचा शेजारी, म्हणजे हक्काचा साक्षीदार. मार्चमधल्या एका सकाळी ते फोन नाचवत आमच्या ओट्यावर आले. चष्मेवाल्याला दिलेल्या तारखेला भलत्याच विमावाल्यानं शुभेच्छा पाठवल्या होत्या.

"पकडला! चष्मेवाल्यानं माहा माल विकला!"

अर्ध्या चहावरून उठवून मला हिंगणघाटला नेलं. दुकानातली पोरगी बिचारी हसून म्हणाली, "काका, हॅपी बड्डे! आज तुम्हाला सूट आहे."

"अवं बाई, मी आज जन्मलोच नाई!" काका गरजले. गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सूट मात्र सोडली नाही पठ्ठ्यानं, चष्म्याची नवी दोरी घेतलीच.

परतताना मी वैतागून विचारलं, "मग खरी तारीख कोणती, काका?"

"आधारवर एक जुलै हाय, ते शाळेतल्या मास्तरनं ठोकून देल्ली. खरी फक्त तुह्या काकूले माहीत होती."

काकू दिवाळीत गेल्या होत्या. पुढे अल्लीपूर येईपर्यंत काका चष्म्याची नवी दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गल्लीतली पोरं लाकडी बैल सजवून घरोघर हिंडत होती. मी पुरणपोळी द्यायला गेलो, तर काका इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले, फोन दोन्ही हातांत धरलेला.

"कोणाचा फोन येणार आहे का, काका?"

"नाई रे बापू. आज मी जन्मलो. तान्ह्या पोळ्याले. तुही काकू दरसाल बैलाच्या आधी मले ओवाळे." त्यांनी पुन्हा फोनकडे पाहिलं. "साऱ्या खोट्या तारखा चोरीले गेल्या. हे एक खरी होती, हे कोणीच चोरली नाई."

तिथूनच मी बायकोला हाक मारली, "अवं, ओवाळणीचं ताट घेऊन ये! आधी काकाले ओवाळ!"

काकांनी घाईनं कॉलर नीट केली, डोळे पुसले.

"पण कोणाले सांगजो नको बरं," ते म्हणाले.