हलत्या माणसाचं वजन

"ती तुझी तपासणी काढून टाक," सुमंत म्हणाला. "सोमवारच्या आत."

अपूर्वाने पडद्यावरची नजर काढली नाही. "सर, चुका त्यामुळेच सापडतात."

"महिनाभरात एक तरी सापडली का?"

"नाही."

"मग चुका नाहीत. काटा मात्र पेंगतोय. पोतं ठेवलं की आकडा यायला एवढा वेळ लागला, तर सांगलीचे व्यापारी तोवर चहा पिऊन येतील."

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत दोन खोल्यांचा त्यांचा कारखाना होता. तिथे हळदीच्या बाजारासाठी नवा वजनकाटा तयार होत होता. पोतं ठेवलं की वर लाल दिव्यांच्या पाटीवर मालकाचं नाव मराठीत उमटायचं आणि खाली वजन. काट्याच्या पोटात छोटा संगणक होता. वजनाचा प्रोग्राम सुमंतने लिहिला होता. पण त्या प्रोग्रामला जागा देणारी, वेळ देणारी, सगळ्यांना शिस्तीत ठेवणारी मूळ व्यवस्था अपूर्वाची होती. इंग्रजी पुस्तकांत तिला कर्नल म्हणत. साताऱ्यात हा शब्द उच्चारला की समोरचा आधी पलटण कुठली ते विचारायचा, म्हणून अपूर्वा नुसतं 'गाभा' म्हणे.

या गाभ्यात तिने एक युक्ती केली होती. एखाद्या कामाला संगणकाच्या स्मृतीत जागा लागली की गाभा ती देतो आणि काम संपलं की परत घेतो. घोटाळा पुढे होतो. भाडेकरूने खोली सोडावी पण किल्ली खिशात ठेवावी, तसं एखादं काम परत दिलेल्या जागेत पुन्हा शिरतं. नवा भाडेकरू आला नसेल तोवर सगळं जिथल्या तिथे दिसतं. एक दिवस मात्र आपल्या गादीवर दुसराच कुणी घोरताना सापडतो. म्हणून अपूर्वा खोली रिकामी झाली रे झाली की ती एकाच शब्दाने भिंतीपासून भिंतीपर्यंत भरून टाकत असे. ही भरणी. मग तपासणी येऊन पाहायची: शब्द जरा जरी विस्कटलेला दिसला, किंवा कुणी तो आपला म्हणून वाचायला आलं, तर आत कुणीतरी शिरलं होतं. लगेच काटा थांबवायचा आणि बोंब मारायची.

शब्द चार घरांत बसणारा हवा होता. पुस्तकांत यासाठी चित्रविचित्र आकडे दिलेले होते, पण तिला चटकन डोळ्यांत भरणारं काहीतरी पाहिजे होतं. तिची आई अनसूयाबाई दूध उतू गेलं, वीज गेली, दूधवाला उशिरा आला, की एकच शब्द वापरायची. मेला. म, मात्रा, ल, काना. बरोबर चार घरं.

"सोमवारी सांगलीत व्यापाऱ्यांपुढे काटा फसला," सुमंत म्हणाला, "तर तुझा गाभा फडताळात जाईल. मग आपण बाहेरून तयार काटे आणायचे आणि आपलं नाव चिकटवून विकायचे. मला हौस नाही, पण कारखाना चालला पाहिजे."

गाभ्यावर अपूर्वाची दोन वर्षं गेली होती. तिने तपासणी काढली. काटा खरोखरच चपळ झाला. भरणीला मात्र वेळ लागत नव्हता, आणि तीही काढायची म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाण्यासारखं तिला वाटलं. ती तिने राहू दिली. हे तिने सुमंतला सांगितलं नाही.

सोमवारी सांगलीच्या बाजारात हवेलाही हळद लागली होती. सुमंतच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर तासाभरात पिवळी झाली. काटा बाळगोंडा अण्णांच्या अडत दुकानासमोर मांडला होता. अण्णा व्यापाऱ्यांतले वडीलधारे. त्यांनी घेतला तर बाकीचे घेणार. काट्याची कल्पना त्यांच्या मुलाची, जिनेंद्रची. तो पुण्याला शिकून आलेला. अण्णा सकाळपासून उगाच वर बघत होते. जुन्या तराजूवर आयुष्य घालवलेला तोलार तात्याबा हाताची घडी घालून उभा होता.

एकामागून एक पोती चढली. कुपवाडची, कवठ्याची, अंकलीची. प्रत्येक वेळी नाव बरोबर, वजन बरोबर.

"काय तात्याबा?" जिनेंद्र म्हणाला.

"बरं हाय की," तात्याबा म्हणाला. "निस्तं पोत्याला नाव कळतंय. उद्या पोतंच सौदा करंल, मग आमी जातो घरला."

लोक हसले. अण्णाही जरा हसले आणि चपला काढून पुढे आले. "पोत्याचं झालं. आता माझं करा. जिता माणूस तोलता येतोय का बघू."

सुमंतने हौसेने नाव घातलं. अण्णा काट्यावर चढले. पाटीवर 'बाळगोंडा' उमटलं. आपलं नाव एवढं मोठं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. नीट दिसावं म्हणून ते मान मागे टाकून जरा झुकले.

अक्षरं लुकलुकली. नाव गेलं. तिथे आलं: मेलामेला. खाली वजन होतं. तेही किलोच्या दशांशापर्यंत अचूक.

तात्याबाला वाचायची घाई नसे. त्याने एकेक अक्षर बोटाने हवेत गिरवलं.

"मे... ला," तो म्हणाला. "आन फुडं पुन्यांदा तेच."

अपूर्वाचं डोकं चालू लागलं. पोतं हलत नाही. माणूस हलतो. वजन हललं की सुमंतचा प्रोग्राम पहिलं वाचन टाकून देतो आणि नव्याने घेतो. टाकताना त्याने नावाची जागाही परत केली होती, आणि पाटी अजून त्याच जागेतून नाव वाचत होती. साताऱ्यात त्यांनी महिनाभर लोखंडी वजनं आणि पोती ठेवून पाहिली होती. त्यांतलं कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं.

"तू काढलं होतंस ना?" सुमंत ओठ न हलवता म्हणाला.

"तपासणी काढली. भरणी ठेवली."

"बंद कर."

तिने बटण दाबलं. पाटी विझली. हे जास्तच वाईट झालं, कारण अण्णा अजून काट्यावरच होते.

"दिवा इजला," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

"परत चालू करा," जिनेंद्र म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "काहीतरी चुकलं असेल. आधी तात्याबाला तोला."

तात्याबा चढला. सगळा जन्म तोलण्यात गेलेला माणूस. काट्यावर कसं उभं राहायचं ते त्याला कुणी सांगायला नको होतं. तो खांबासारखा उभा राहिला. पाटीवर 'तात्याबा' आलं आणि तसंच राहिलं.

"मी जिता हाय," तात्याबाने जाहीर केलं आणि तो उतरला.

"आता अण्णा," जिनेंद्र म्हणाला.

"सर, नको," अपूर्वा म्हणाली. पण अण्णा चढलेही होते. त्यांची छाती भात्यासारखी हलत होती. या वेळी नाव नीट उमटलंसुद्धा नाही. मेलामेला.

"मशीनला वळख पटली," मागचा माणूस म्हणाला.

अण्णा मटकन पोत्यावर बसले. घोळका भोवती दाटला. मागच्या माणसांना आता अण्णा दिसत नव्हते, फक्त पाटी दिसत होती. अण्णांचं नाव गेलं, अण्णा गेले, पाटीवर लिहून आलंय. वाक्य माणसागणिक लहान होत बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचलं. व्यापारी गेला की बाजाराने त्याला मान म्हणून सौदे थांबवायचे, ही तिथली रीत. थोड्याच वेळात कर्ण्यावरून आवाज आला, "बाळगोंडा अण्णांच्या दुःखद निधनामुळं आजचे सौदे बंद ठिवण्यात आलेत."

"मी हितं बसलोय की रं," अण्णा पोत्यावरून म्हणाले. कर्ण्यापुढे त्यांचं कोण ऐकणार.

जिनेंद्र कर्णा थांबवायला धावला आणि पडेल चेहऱ्याने परत आला. "कुणीतरी कडेगावला माझ्या बहिणीला फोन केला. प्रीती दुकानाच्या फोनवर आहे. मी सांगतोय अण्णा बरे आहेत, तिला वाटतं मी धीर देतोय. नुसती रडतीय."

सुमंत खुर्ची शोधू लागला. अपूर्वाच्या डोळ्यांपुढे फडताळ दिसत होतं. त्यात गाभा होता आणि वर धूळ.

इतक्यात रिक्षा आली. अण्णांच्या पत्नी गुणमालाबाई दोन शेजारणींच्या आधाराने उतरल्या. तिघींचाही आक्रोश चालला होता. घोळका फाटला. गुणमालाबाईंना पोत्यावर बसलेले, हातात पाण्याचा तांब्या धरलेले अण्णा दिसले. त्या थांबल्या. पदराने डोळे पुसले. मग त्यांनी जे विचारलं त्याची अपूर्वाने अपेक्षा केली नव्हती.

"प्रीती रडली?"

"अजून रडतीय," जिनेंद्र म्हणाला.

"मनापासनं?"

"आई, काय विचारतीस तू?"

"मनापासनं का न्हाई ते सांग."

"हो. बोलता येईना तिला."

गुणमालाबाईंनी हात जोडले आणि तिथेच खाली बसल्या. "आवं, सुटलासा," त्या अण्णांना म्हणाल्या. "सुटलासा एकदाचं."

मग खुलासा झाला. चार दिवसांमागे घाटावर अण्णांच्या डोक्याला कावळा शिवला होता. कावळा शिवला की मरण घिरट्या घालतं. उपाय एकच: माणूस गेल्याची खोटी बातमी जवळच्या नातलगांना कळवायची. ते खरोखर रडले की मरण फसतं आणि निघून जातं. मग दुसरा निरोप धाडायचा की माणूस सुखरूप आहे.

"मी या पोराच्या पाया पडायची ऱ्हायले," त्या म्हणाल्या, "तर म्हंतोय, आई, मी बहिणीशी खोटं बोलणार न्हाई. शिकलेला हाय न्हवं."

"आणि मी चार दिस वर बघत हिंडतोय," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडावर रंग आला होता. त्यांनी तांब्या रिकामा केला, चपला घातल्या आणि काट्याला प्रदक्षिणा घातल्यासारखी एक फेरी मारली. "कुणाला खोटं बोलाय लागलं न्हाई. मशीननं परस्पर केलं. काय हो साहेब, ही सोय पयल्यापासनं हाय?"

सुमंतने तोंड उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर 'होय' स्पष्ट दिसत होतं.

"नाही अण्णा," अपूर्वा म्हणाली. "ती चूक आहे."

सुमंतने तोंड मिटलं. तिने खोलीचं, किल्लीचं, भरणीचं सगळं सांगितलं. हा शब्द भरलेला नसता तर पाटीवर जुनं नावच दिसत राहिलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. पुढे कधीतरी त्या जागेत दुसऱ्याचं नाव आलं असतं आणि अंकलीच्या माणसाची हळद कुपवाडच्या नावावर गेली असती.

अण्णांनी विचार केला. "म्हंजे चूक आधीपासनं व्हती. तुझ्या शब्दानं ती चव्हाट्यावर आली."

"हो."

"आन ह्या शब्दाचा पहारेकरी कोण?"

"तपासणी. ती काढली आहे. काटा हळू चालतो म्हणून."

"हळू चालू दे की पोरी. बाजार पळून चाललाय व्हय? चूक काढ, पहारेकरी बसव आन काटा घिऊन ये. पयला मला." ते सुमंतकडे वळले. "पहारा काडलासा तर काटा परत."

परतीच्या एसटीत सुमंत कराडपर्यंत कॉलरची हळद झटकत होता. मग म्हणाला, "तो शब्द तरी बदल." अपूर्वाने बदलला नाही.

चूक ओळीभराची होती. ती दुरुस्त झाली, तपासणी परत बसली, काटा सांगलीला गेला आणि त्याच्यामागून आणखी काटे गेले. अण्णा रोज काट्यावर चढून, मुद्दाम हलून पाहत. नाव जागचं हलत नसे.

पावसाळा सरल्यावर एकदा साताऱ्याच्या कारखान्यात फोन वाजला. सुमंतने घेतला. थोडा वेळ ऐकून त्याने रिसीव्हरवर हात ठेवला.

"तात्याबा आहे. म्हणतो काटा बिघडला."

"काय होतंय?"

"काल त्याला कावळा शिवला. सकाळपासून काट्यावर उड्या मारतोय, तरी पाटी नुसतं तात्याबा, तात्याबा म्हणतेय." त्याने आवाज खाली आणला. "ती चूक परत घालता येईल? त्याच्यापुरती?"

"तपासणी काढली तर येईल," अपूर्वा म्हणाली. "असेल तोवर ती काटा थांबवणार. दोन्ही एकदम जमणार नाही."

सुमंतने खिडकीबाहेर पाहिलं. अण्णांची अट त्याला पाठ होती. मग त्याने रिसीव्हरवरचा हात काढला.

"तात्याबा, काट्याला काही झालेलं नाही. तुमच्या जवळच्या नातलगाचा नंबर द्या. आम्ही कळवतो."

त्याने नंबर फिरवला आणि रिसीव्हर अपूर्वापुढे धरला. "तपासणी तुझी. ती ठेवायची तर हेही तूच कर. आणि आवाज जरा रडवेला काढ."

पलीकडे तात्याबाची बहीण हरणाबाई होती. अपूर्वाने बातमी सांगितली.

"कशानं गेला वो?" हरणाबाईने विचारलं.

अपूर्वाने खोटं ठरवून आणलं नव्हतं. तिला एकच मरण नीट ठाऊक होतं, पाटीवरचं.

"हलले म्हणून," ती म्हणाली.

पलीकडे रडं सुरू झालं. सुमंत फोन ठेवायची खूण करत होता. अपूर्वा रिसीव्हर कानाला लावून थांबली, ते मनापासून आहे याची खात्री करून घेतली आणि मगच फोन ठेवला.